रिमोट डेस्कटॉपमध्ये वेळ चुकते तेव्हा आधी फरक विचारा

नागपूरच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये सपोर्ट डेस्कवर नवीन लागलात की हा कॉल फार लवकर येतो: ‘सर, माझी चारची मीटिंग कॅलेंडरात सकाळी साडेदहाला दिसून राहिली. मेलवरची वेळही तशीच.’ हा युजर रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर उघडलेल्या खिडकीत (सेशनमध्ये) काम करत असतो. नवखा माणूस लगेच त्या सेशनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे धावतो. तिथे हात लावू नका. ते घड्याळ सर्व्हरचं आहे आणि त्याच सर्व्हरवर आणखी कितीतरी जण काम करत बसलेले असतात.

त्यापेक्षा विचारा, खरी वेळ आणि दिसणारी वेळ यांत फरक नेमका किती? अर्धं निदान या उत्तरातच असतं.

वरच्या कॉलमध्ये फरक साडेपाच तासांचा आहे. म्हणजे सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर, भारताच्या साडेपाच तास मागे) चालतो आणि सेशनला सर्व्हरचाच टाइम झोन मिळतोय. आउटलुक मेल आणि मीटिंगची वेळ यूटीसीत साठवतं. दाखवताना सेशनच्या झोनप्रमाणे बदलून दाखवतं. त्यामुळे मेल बिघडलेला नसतो, फक्त दिसतो चुकीचा. याची खात्री सोपी आहे: तीच मीटिंग युजरला मोबाइलवर उघडायला सांगा. तिथे बरोबर दिसली तर दोष सेशनचा. वेबमेलवर मात्र आंधळा विश्वास नको, कारण मेलबॉक्सची स्वतःची वेगळी टाइम झोन सेटिंग असते आणि तीही चुकलेली असू शकते.

इलाज ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजमध्ये एकाच जागेवरून लावल्या जाणाऱ्या सेटिंगांत आहे. रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टच्या ‘डिव्हाइस अँड रिसोर्स रिडायरेक्शन’ विभागात ‘अलाऊ टाइम झोन रिडायरेक्शन’ नावाची पॉलिसी असते. ती सुरू केल्याशिवाय युजरचा झोन सेशनपर्यंत पोहोचत नाही. पॉलिसी सर्व्हर टीम लावेल, पण पुढचं काम आपलं: युजरला साइन आउट करायला लावणं. बहुतेक जण खिडकी फुलीवर बंद करतात आणि ‘सर, केलं लॉगआउट’ म्हणतात. त्याने सेशन फक्त डिस्कनेक्ट होतं, जुन्या झोनसकट तसंच जिवंत राहतं. मग ‘पॉलिसी लावूनही फरक पडला नाही’ असं तिकीट (नोंदवलेली तक्रार) परत येतं.

रिडायरेक्शन सुरू असूनही वेळ चुकत असेल, तर युजरचा लॅपटॉप बघा. सेशनमधली वेळ सर्व्हरचं घड्याळ आणि लॅपटॉपचा झोन मिळून ठरते. लॅपटॉपचं घड्याळ त्यात कुठेच येत नाही. नवीन लॅपटॉपवर झोन अमेरिकेतला पॅसिफिक राहिलेला असतो, कुणीतरी काटे हाताने पुढे सरकवून ठेवलेले असतात. लॅपटॉपवर सगळं बरोबर आणि सेशन साडेबारा-साडेतेरा तास मागे! लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘टीझेडयूटील’ला ‘स्लॅश जी’ जोडा (tzutil /g). ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ असं उत्तर यायला हवं. सेटिंगमधून बदलणार असाल तर चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही ओळ निवडा. झिरो माइलचा दगड आपल्याकडे असला तरी या यादीत नागपूर नाही, बाप्पा. झोन बदलल्यावर आउटलुकही बंद करून पुन्हा उघडा.

फरक बरोबर एक तासाचा असेल तर आधी तारीख बघा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात; ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी ७:३० ला आणि उन्हाळ्यात ६:३० ला दिसते. हा बिघाड नाहीच. युजरला नीट समजावून सांगा आणि तिकीट बंद करा.

काही मिनिटांचाच फरक असला तर प्रकरण वेगळं. तिथे झोनचा संबंध नाही, सर्व्हरचं घड्याळ सरकलंय. कर्बेरॉस, म्हणजे लॉगिन करणाऱ्याची ओळख तपासणारी यंत्रणा, साधारणपणे पाच मिनिटांपर्यंतचाच फरक खपवून घेतो. त्यापुढे लॉगिनच अडायला लागतं. असं दिसलं की थांबू नका, थेट सर्व्हर टीमला फोन लावा.

एका दिवसाची सुट्टी कॅलेंडरात दोन दिवसांवर पसरलेली दिसली, तर ती दुसऱ्या झोनमध्ये बसून टाकलेली असते. ‘पूर्ण दिवस’ म्हणजे टाकणाऱ्याच्या मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत.

उरते ती आपोआप येणाऱ्या रिपोर्टच्या मेलची तक्रार: मेलची वेळ बरोबर, आतल्या मजकुरातली चुकीची. ती वेळ सर्व्हरवरच्या अ‍ॅप्लिकेशनने साध्या अक्षरांत लिहिलेली असते, तिला कुठलंही रिडायरेक्शन लागू होत नाही. मेलचा स्क्रीनशॉट आणि तासांचा फरक लिहून तिकीट अ‍ॅप्लिकेशन टीमकडे वळवा.