घरातला पहिला गेमिंग कन्सोल घेताय? या चुका टाळा

दिवाळीच्या सेलमध्ये कन्सोल घेताना बहुतेक घरांत फक्त खोक्यावरची किंमत बघितली जाते. खरा खर्च पुढे सुरू होतो, आणि तो किती होणार हे बरंचसं एका गोष्टीवर ठरतं: कन्सोलमध्ये डिस्क जाते की नाही.

सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता आणि डिजिटल, म्हणजे डिस्क न जाणारा, गेम इंटरनेटवरून उतरवायचा, ३९,९९० ला. दहा हजार वाचतात म्हणून डिजिटलचा मोह होतो. पण सोनीचा मोठा नवा गेमच तेव्हा ४,९९९ रुपयांचा होता. डिस्क असली तर ती सेकंडहँड मिळते, खेळून झाली की विकता येते, चुलतभावंडांत फिरवता येते. डिजिटल गेम खात्याला बांधलेला, तो विकताही येत नाही. शिवाय ६० जीबीचा गेम रोजच्या २ जीबी मोबाइल डेटावर उतरवायचा तर महिना जाईल. घरी फायबर इंटरनेट नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, डिस्कवालाच घ्या.

फायबर असेल तर मात्र एक्सबॉक्स सिरीज एस जरूर बघा. त्यात डिस्क जात नाही, पण गेम पासची वर्गणी भरली की खूप गेम खेळता येतात. ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये प्रत्यक्ष जागा साधारण ३६४ जीबीच मिळते, म्हणून जुने गेम काढत राहावं लागतं.

बजेट तंग असेल तर जुना पीएस४ (प्लेस्टेशन ४) वाईट नाही, फक्त बघून घ्या. टीव्हीला जोडून अर्धा तास चालवा. डिस्क आत घाला, बाहेर काढा. कंट्रोलर टेबलावर ठेवून द्या. कोणी हात न लावता पडद्यावरचं पात्र सरकायला लागलं तर स्टिकला ड्रिफ्ट आहे. विकणाऱ्याला त्याचं खातं काढून तुमच्यासमोर रीसेट मारायला सांगा. आणि ‘जेलब्रेक केलाय (म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलंय), पन्नास गेम फुकट’ असं कोणी म्हणालं तर तो कन्सोल घेऊच नका. तो ऑनलाइन नेला तर सोनी बंदी घालू शकते.

लहान मुलांसाठी निन्टेन्डो स्विच छानच. पण कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे बिघडला तर दुकानदारावरच भिस्त. स्वस्त पडतो म्हणून स्विच लाइट घेतला तर तो टीव्हीला जोडताच येत नाही. घरातल्यांनी मिळून खेळायचं ते राहूनच जातं.

दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे आधीच बाजूला काढा. एकच असेल तर भावंडांची भांडणं ठरलेलीच.

बटण दाबल्यावर पडद्यावर उशिरा हालचाल होत असेल तर कन्सोलला दोष देण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. कन्सोल तापून बंद पडत असेल तर तो काचेच्या बंद शोकेसमधून बाहेर काढा.

खातं उघडताना आई-बाबांचं एक आणि मुलांचं वेगळं, त्यांच्या खऱ्या वयाचं उघडा. मग वयानुसार गेम अडवता येतात आणि मुलांच्या खात्यावर खर्चाची मर्यादा शून्य ठेवता येते. मोठ्यांच्या खात्याला पासकोड लावा, कारण कार्ड त्याच खात्याला जोडलेलं असतं.