लिक्विड ऑक्सिजनची टाकी यायच्या आधी काय काय तयार पाहिजे

टाकी येणार असं ठरलं की लगेच जागा आणि पाइपचा हिशोब सुरू होतो, पण माझं ऐकाल तर त्याच्याही आधी एक कागद घ्या, जे जे गॅस ठेवायचेत त्यांची नावं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचं क्रिटिकल तापमान लिहा. म्हणजे ज्याच्या वर गेल्यावर गॅस कितीही दाबा, तो लिक्विड होणारच नाही असं तापमान. प्रोपेनचं साधारण ९७ अंश सेल्सिअस, अमोनियाचं १३२, क्लोरीनचं १४४, म्हणून हे गॅस नुसत्या प्रेशरने साध्या सिलिंडरमध्ये लिक्विड होऊन बसतात. कार्बन डायऑक्साइडचं ३१, म्हणजे अगदी काठावर, उन्हात सिलिंडर तापला की आत लिक्विड असं काही उरतच नाही. आणि ऑक्सिजनचं उणे ११८, नायट्रोजनचं उणे १४७. त्यामुळे "ऑक्सिजन दाबून लिक्विड केलाय" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा, तो उंच सिलिंडर १५० बारला भरला तरी आत गॅसच असतो, लिक्विड पाहिजे तर आधी थंड करावंच लागतं. जुन्या शास्त्रज्ञांनी हे गॅस नुसतेच दाबून दाबून बघितले आणि शेवटी "हे कायमचे गॅस" म्हणून सोडून दिले होते, मग १८६९ मध्ये थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर क्रिटिकल तापमानाची गोष्ट दाखवली, १८७७ मध्ये ऑक्सिजनचं नुसतं धुकं मिळालं आणि १८८३ मध्ये आजच्या पोलंडमधल्या क्राकुवला व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की या जोडीने नळीत साठवून बघता येईल असा लिक्विड ऑक्सिजन तयार केला. फिकट निळा दिसतो तो, फार सुंदर.

हा कागद झाला की निम्मे गोंधळ तिथेच मिटतात, कारण दोन प्रकारांची तयारीच वेगळी आहे. प्रेशरने लिक्विड झालेल्या गॅसचा सिलिंडर असेल तर वजनकाटा आणून ठेवा, गेजवर जाऊ नका. कार्बन डायऑक्साइडचं प्रेशर २० अंशांना साधारण ५७ बार, ते सिलिंडर भरलेला असताना तेवढंच आणि तळाशी थोडंसं लिक्विड राहिलं तरी तेवढंच, गेजचा काटा पडायला लागला म्हणजे लिक्विड संपलंसुद्धा. आणि काठोकाठ कधी भरायचं नाही, तापलं की लिक्विड फुगतं आणि वर जागा नसेल तर प्रेशर भयंकर चढतं, म्हणून प्रोपेनची टाकी साधारण ८० टक्क्यांपर्यंतच भरतात.

आता थंड लिक्विडची टाकी. ती थर्मासच असते, आत स्टेनलेस स्टील, बाहेर साधं स्टील, मधे पर्लाइटची पावडर आणि व्हॅक्यूम. आत उणे १८३ अंश, बाहेर आपलं हवामान, त्यामुळे कितीही चांगली टाकी असली तरी थोडी उष्णता शिरणार, थोडं लिक्विड उकळणार, आणि वापर नसेल तर प्रेशर चढत चढत सेफ्टी व्हॉल्व्ह अधूनमधून फुसफुसणार. त्याला कोणी घाबरून चिंधी बांधू नये किंवा व्हॉल्व्ह आवळू नये, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, अगदी वॉचमनलासुद्धा. पण बाहेरच्या पत्र्यावरच घाम किंवा बर्फ धरला तर मात्र व्हॅक्यूम गेलाय असं समजून लगेच सप्लायरला बोलवा.

टाकीखाली आणि टँकर उभा राहतो तिथे काँक्रीटच पाहिजे, डांबर अजिबात नको. डांबरावर लिक्विड ऑक्सिजन सांडला आणि त्यावर नुसता पाना पडला तरी स्फोट होऊ शकतो. तेल, ग्रीस, हातालाच लागलेलं वंगण, काहीच चालत नाही, स्पॅनर धुतलेले आणि वेगळ्या डब्यात ठेवा. जवळ गटाराचं तोंड, तळघराची खिडकी, खड्डा नाही ना ते बघा, थंड गॅस जड असतो आणि जमिनीलगत सरपटत जाऊन खाली साचतो.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्यावर घालवतो ते म्हणजे लाइनचं ड्रॉइंग हातात घेऊन बोट ठेवत चालणं. १ लिटर लिक्विड ऑक्सिजनचा साध्या तापमानाला साधारण ८६० लिटर गॅस होतो, म्हणून जिथे जिथे दोन व्हॉल्व्हच्या मधे लिक्विड अडकू शकतं तिथे प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र सेफ्टी व्हॉल्व्ह पाहिजेच. आणि ड्रॉइंगवर विसंबू नका, प्रत्यक्ष पाइपवरून बोट फिरवा. आमच्याकडे एकदा दुरुस्तीला सोपं पडावं म्हणून नंतर एक जादा व्हॉल्व्ह बसवला होता, ड्रॉइंगमध्ये तो नव्हता, दुपारी दोन्ही बाजू बंद केल्या आणि थोड्या वेळाने फ्लँजच्या, म्हणजे पाइपच्या जोडाच्या, गॅस्केटमधून बारीक शिट्टी सुरू झाली, मग पांढऱ्या धुक्याची धार. गॅस्केटने वाट दिली म्हणून पाइप वाचला, आणि शेजारी उभा असलेला माणूसही. तेव्हापासून कोणीही एक व्हॉल्व्ह वाढवला की मी आधी विचारतो, ह्याच्या मधलं लिक्विड जाणार कुठून?

व्हेपोरायझर, म्हणजे लिक्विडचा परत गॅस करणारी पंखांची नळ्यांची जाळी, तिचे दोन संच घ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांवर बर्फ जाड होत जातो आणि मग गॅस थंडच पुढे जातो, आणि पुढे साधं स्टील असेल तर ते त्या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. एक चालू, एक वितळायला. शेजारी लिक्विड नायट्रोजनची लाइन असेल तर ती इन्सुलेशनशिवाय ठेवू नका, उणे १९६ ला बाहेरची हवाच तिच्यावर लिक्विड होऊन ठिबकते आणि त्या थेंबात ऑक्सिजन जास्त असतो.

भरायच्या तोंडाची कपलिंग प्रत्येक गॅसला वेगळी असते ती मुद्दामच, बसत नाही म्हणून अडॅप्टर बनवून घेऊ नका, ऑक्सिजनच्या लाइनमध्ये नायट्रोजन गेला तर माणसं मरतात. बंद खोलीत ऑक्सिजन मीटर लावा, १९.५ टक्क्यांखाली आणि २३.५ च्या वर अलार्म. नायट्रोजनने गुदमरताना काही जाणवत नाही, म्हणून आत कोणी पडलेला दिसला तर धावत आत जायचं नाही, हे घोकून घ्या.

कपड्यांचं, सैल आणि कोरडे चामड्याचे ग्लोव्ह्ज, फेस शील्ड, पँट बुटाच्या बाहेर. अंगावर ऑक्सिजन सांडला तर निदान पंधरा मिनिटं मोकळ्यावर थांबायचं, कपड्यात भिनलेला असतो, सिगारेटच काय साधी ठिणगीही नको.

पहिल्या भरण्याच्या दिवशी घाई करू नका. व्हॉल्व्ह किंचित उघडा, लाइनवर हिव चढत पुढे सरकताना दिसेल, ते शेवटपर्यंत पोचू द्या, थंडीने सगळं आकसतं आणि जॉइंट सैल पडतात. कुठला गळत असेल तर ती लाइन बंद करून, प्रेशर सोडून, गरम होऊ द्या आणि मगच आवळा, चालू प्रेशरवर पाना लावायचा नाही. मग लेव्हल आणि प्रेशर वहीत लिहा, वेळेसकट, दर तासाला, आणि पहिली रात्र एक माणूस तिथेच ठेवा.