जुनं जपानी टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर): घेण्याआधी आणि घेतल्यावर

आधी मागची पाटी वाचा. जपानच्या घरगुती बाजारातला माल १०० व्होल्टचा असतो. तो थेट २३०च्या प्लगला लावला की आतला ट्रान्सफॉर्मर गेलाच. व्होल्ट उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरही नेमका १००चा हवा, ११०वर भागवू नका. खर्च २० वॅटच्या आसपास, त्यामुळे ५० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा) पुरतो. बेल्टवाल्यात, म्हणजे मोटर पट्ट्याने तबकडी फिरवते त्यात, आणखी एक मेख आहे. पूर्व जपानात वीज ५० हर्ट्झची, पश्चिमेत ६०ची. साधी एसी सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी) असेल आणि पुली (पट्टा फिरवणारं चाक) ६०ची, तर आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला ३३⅓ऐवजी जेमतेम २७.८ फेरे पडतील. स्टेपडाऊन हर्ट्झ बदलत नाही, पुलीच बदलावी लागते. मोटर थेट तबकडीखाली आणि वेग क्वार्ट्झ स्फटिकाने बांधलेला, अशा क्वार्ट्झ लॉकच्या डायरेक्ट ड्राइव्हला ही कटकट नाही.

बघायला जाताना टॉर्च, सुईचं वजन मोजायचा छोटा काटा आणि खात्रीच्या कार्ट्रिजचं (सुई बसवलेल्या भागाचं) हेडशेल, म्हणजे ती धरणारा आर्मच्या टोकाचा सुटा भाग, जवळ ठेवा. खरी परीक्षा टोनआर्मची, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याची. काउंटरवेटने (मागच्या वजनाने) आर्म तरंगता करा, अँटीस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेली उलटी ओढ) शून्यावर आणा आणि हळूच फुंकर मारा: आर्म कुठेही न अडखळता सरकला पाहिजे. मग हेडशेल दोन बोटांत धरून अलगद पुढेमागे करा. बारीकशी ‘टक’ जाणवली तर बेअरिंग सैल आहे. बाकी कितीही चकचकीत असो, सोडून द्या. मोटर निदान १५ मिनिटं चालू ठेवा, कारण काही बिघाड गरम झाल्यावरच डोकं वर काढतात. स्ट्रोबचे (वेग तपासायच्या दिव्यात दिसणारे) ठिपके सरकत असतील तर बहुतेक वेळा पिचच्या, म्हणजे वेग कमीजास्त करायच्या, पोटेन्शिओमीटरमधली घाण किंवा वाळलेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) कारणीभूत असतात. दोन्ही दुरुस्त होतात, भाव मात्र त्या हिशेबाने करा.

आणताना प्लॅटर (फिरणारी तबकडी), काउंटरवेट, हेडशेल काढून वेगवेगळं गुंडाळा आणि आर्म रेस्टला बांधा. प्लॅटर तसाच ठेवला तर धक्के स्पिंडलच्या (तबकडीच्या मधल्या आसाच्या) बेअरिंगला बसतात.

सुधारणेचा पहिला पैसा सुईवर. जुन्या सुईचं रबर कडक झालेलं असतं, हिरा शाबूत असला तरी. ऑडिओ-टेक्निकाची एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिज घेतली तर सुईचं रेकॉर्डवरचं वजन २ ग्रॅम ठेवा. टेक्निक्स एसएल-१२००एमके२वर हेडशेलच्या रबर वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी ठेवा. हेडशेलच्या वायरी लावताना पांढरी डावी, लाल उजवी, निळी डावी ग्राउंड, हिरवी उजवी ग्राउंड. आधी पिना कार्ट्रिजला लावून मगच स्क्रू आवळा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलताना मूळचेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअसचे. ध्रुव उलटे लागले तर फुटतात, म्हणून एक काढा, एक लावा.