माऊस बाजूला ठेवा आणि वेबसाइट तपासा

वेबसाइट पटकन उघडते, मोबाइलवर छान दिसते, म्हणजे काम झालं असं बहुतेक जण धरून चालतात. पण अंध माणूस ती कानांनी वाचतो. ज्याचे हात थरथरतात तो माऊसच्या वाटेला न जाता कीबोर्ड वापरतो. ज्याला ऐकू येत नाही तो व्हिडिओखालच्या कॅप्शनवर अवलंबून असतो. या सगळ्यांना तुमची वेबसाइट वापरता येते का, हे त्यांच्या पद्धतीने वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी लागणारी साधनं जवळपास सगळी फुकट आहेत आणि पहिली फेरी तर प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही करता येते.

आधी एक काम निवडा

पानं तपासू नका, काम तपासा. समजा, डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेण्याची वेबसाइट आहे. पहिल्या पानापासून ‘तुमची वेळ नक्की झाली’ हा संदेश दिसेपर्यंतचा सगळा रस्ता म्हणजे एक काम. दहा पानं निर्दोष असली आणि तारीख निवडण्याच्या चौकटीत माणूस अडकला, तर त्या दहा पानांचा त्याला काही उपयोग नाही.

मोजपट्टी म्हणून डब्ल्यूसीएजी (वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स) हे वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे, जगभर मानले जाणारे निकष वापरतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ते पहिल्यांदा १९९९ साली प्रसिद्ध केले. २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या आहेत. साधारणपणे डबल ए गाठायची असते. सगळे निकष वाचून मग सुरुवात करू म्हणाल तर सुरुवात राहूनच जाईल. तपासणी करता करता एकेक निकष वाचत जा.

पहिली पायरी: फक्त कीबोर्ड

माऊस काढून ठेवा. टॅबने पुढे जा, शिफ्ट आणि टॅबने मागे या. लिंक एंटरने उघडते, बटण एंटरने किंवा स्पेसबारने दाबलं जातं, उघडलेली खिडकी एस्केपने बंद व्हायला हवी. एवढ्या बळावर अपॉइंटमेंट घेऊन दाखवा.

जाताना सगळ्यात आधी हे बघा, की आपण या क्षणी पानावर कुठे आहोत ते दिसतं का? ज्या लिंकवर किंवा बटणावर फोकस आहे, म्हणजे टॅब दाबत आपण ज्यावर येऊन थांबलो आहोत, त्याभोवती ठळक चौकट हवी. ‘दिसायला बरं वाटत नाही’ म्हणून ती चौकट काढून टाकणारे डिझायनर पुष्कळ असतात. पण कीबोर्डवर काम करणाऱ्यासाठी ती चौकट म्हणजे माऊसचा बाण. तो बाण लपवून कुणालाही काम करायला सांगितलं जात नाही. वरती चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली किंवा कुकीच्या सूचनेमागे फोकस दडत नाही ना, हेही पाहा.

मग क्रम. फोकस नावाच्या रकान्यावरून थेट तळाशी उडी मारून पुन्हा फोन नंबरवर येत असेल, तर क्रम बिघडलेला आहे. मेनूमध्ये चाळीस लिंक असतील तर ‘थेट मजकुराकडे जा’ ही लिंक पहिल्याच टॅबला मिळायला हवी.

सगळ्यात जास्त अडचण तारखेच्या कॅलेंडरमध्ये येते. माऊसने तारखेवर टिचकी मारली की ती निवडली जाते, पण टॅब दाबला तर फोकस कॅलेंडरमध्ये शिरतच नाही. किंवा शिरतो आणि बाहेर येत नाही. टॅब दाबत राहा, त्याच तीस खणांमध्ये फिरत राहा. ही कोंडी म्हणजे गंभीर दोष, निकष क्रमांक २.१.२. कॅलेंडर ठेवावं, पण तारीख हाताने टाइप करायचीही सोय द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कीबोर्ड वापरणाऱ्यांनाच नव्हे, जन्मतारखेसाठी कित्येक वर्षं मागे जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचा फायदा होतो.

दुसरी पायरी: स्क्रीन रीडरने ऐका

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर उतरवून घ्या. आयफोन आणि मॅकवर व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो, बहुतेक अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक. एनव्हीडीए सुरू झाल्यावर तो बोलतच सुटतो. गडबडून जाऊ नका, कंट्रोल दाबला की गप्प बसतो. इन्सर्ट आणि क्यू दाबून बंद करता येतो.

अंध माणूस पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाही. आपण डोळ्यांनी मथळे चाळतो तसे तो एच दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर जातो. एफ दाबला की फॉर्मचा पुढचा रकाना, के दाबला की पुढची लिंक. इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या लिंक आणि हेडिंगची यादी समोर येते. ही यादी नीट वाचा. ‘अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा’ असं आलं तर कोणती लिंक कशाची, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार? आणि पानावर मोठ्या ठळक अक्षरांत मथळे दिसत असूनही यादी रिकामी असेल, तर ते मथळे नुसते ठळक केलेले आहेत, हेडिंग म्हणून लिहिलेलेच नाहीत.

चित्रांवर या. चित्रात काय आहे हे सांगणारा, कोडमध्ये लिहिलेला मजकूर म्हणजे पर्यायी मजकूर. पर्यायी मजकूर नसलेल्या चित्राच्या लिंकवर स्क्रीन रीडर अनेकदा फाइलचं नाव वाचतो. भिंगाचं चित्र असलेल्या शोध बटणावर नुसतं ‘बटण’ ऐकू येतं. शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर मात्र मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो.

आता फॉर्म मुद्दाम चुकीचा भरा. फोन नंबर रिकामा ठेवा आणि ‘पाठवा’ दाबा. डोळ्यांना रकाना लाल झालेला दिसतो, कानांना काहीच ऐकू येत नाही. माणूस अर्ज गेला असं समजून वाट बघत बसतो. चूक झाली आहे, कोणत्या रकान्यात आणि ती कशी सुधारायची, हे तिन्ही शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे आणि स्क्रीन रीडरने ते आपणहून वाचलं पाहिजे. रकान्याच्या आत फिक्या अक्षरांत लिहिलेल्या सूचनेवर विसंबू नका. टाइप करायला लागलं की ती नाहीशी होते. रकान्याला स्वतःचं लेबल हवं.

मराठी वेबसाइटसाठी आणखी एक गोष्ट. पानाच्या कोडमध्ये भाषा लिहिलेली असते. मराठीसाठी तिथे ‘एमआर’ हवं. तयार साच्यातून आलेलं ‘इएन’ तसंच राहिलं, तर इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला घेतो आणि अनेकदा ऐकणाऱ्याला त्यातलं काहीही समजत नाही. एका शब्दाची दुरुस्ती, पण तिच्याशिवाय सगळं पान वाया.

तिसरी पायरी: मोठं करा, रंग तपासा

खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून ब्राउझरमध्ये ४०० टक्के झूम करा. मजकूर एका रांगेत खाली खाली जायला हवा. प्रत्येक ओळीसाठी पान आडवं सरकवावं लागत असेल तर ते नापास. देवनागरीत इथे एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. बटणाची उंची पक्की बांधलेली असली, की मोठ्या अक्षरांचे वरचे रफार आणि वेलांट्या छाटल्या जातात.

मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पांढऱ्यावर #९९९९९९ या कोडचा करडा रंग लोकप्रिय आहे, पण त्याचं गुणोत्तर जेमतेम २.८५:१ भरतं. #७६७६७६ घेतला तर तो काठावर पास होतो. शेवटी पडदा करड्या रंगात पाहा. विंडोजमध्ये कलर फिल्टरची सोय आहे. ‘हिरव्या तारखा उपलब्ध, लाल तारखा भरलेल्या’ हे तेव्हाही कळतं का? नसेल तर शब्द किंवा खूण जोडा.

व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून बघा. आपोआप तयार झालेली कॅप्शन माणसाने वाचून दुरुस्त केलेली हवीत, विशेषतः नावं आणि आकडे.

चौथी पायरी: आपोआप तपासणारी साधनं

वेव्ह, ॲक्स किंवा क्रोममधलं लाइटहाउस चालवा. कमी कॉन्ट्रास्ट, पर्यायी मजकूर नसणं, लेबल नसणं, रिकाम्या लिंक, रिकामी बटणं आणि भाषा न लिहिणं हे दोष ती पटकन पकडतात. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटची पहिली पानं तपासते, त्यातही हेच सहा दोष वर्षानुवर्षं सर्वांत वर आहेत. पण चित्राला ‘फोटो’ असा पर्यायी मजकूर दिला तरी साधन पास करतं. तो मजकूर बरोबर आहे का, हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून लाइटहाउसचे १०० गुण मिळाले, तरी वरच्या पायऱ्या टाळू नका. ‘हे बटण बसवा, वेबसाइट सर्वांसाठी सुलभ होईल’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या तयार पट्ट्यांवरही पैसे घालवू नका. आतला कोड तुटका असेल तर त्या तो जोडत नाहीत.

पाचवी पायरी: खऱ्या वापरणाऱ्यांना बोलवा

तुम्ही एनव्हीडीए शिकलात तरी तो रोज वापरणाऱ्याची सवय तुमच्याकडे येत नाही. वेगवेगळी अपंगत्वं असलेल्या दोन-चार जणांना बोलवा, त्यांच्याच फोनवर किंवा लॅपटॉपवर तेच काम करायला सांगा आणि मदतीला धावू नका. ते कुठे थांबतात, कुठे मागे फिरतात ते टिपून घ्या. या वेळेचे पैसे त्यांना द्या. हे तज्ज्ञाचं काम आहे.

नोंद आणि फेरतपासणी

प्रत्येक दोषाची नोंद करताना पान, काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, ब्राउझर, स्क्रीन रीडर आणि निकषाचा क्रमांक एवढं लिहा. ‘वेबसाइट अंधांसाठी चालत नाही’ या वाक्याने प्रोग्रॅमरला काहीच करता येत नाही. ‘तारीख निवडताना टॅबने कॅलेंडरबाहेर पडता येत नाही, २.१.२’ एवढ्याने तो लगेच कामाला लागतो. काम पूर्ण होऊच देत नाहीत ते दोष आधी, त्रास देतात ते नंतर. दुरुस्ती झाल्यावर फक्त तेवढी जागा बघू नका. पहिल्या पानापासून कीबोर्डने सगळं काम पुन्हा करा, कारण कॅलेंडर दुरुस्त करताना त्याच्या शेजारच्या रकान्याचा फोकस बिघडणं नेहमीचं आहे.