गाडी कंपनीला सरकारने वाचवलं, ही बातमी लाईनवरच्या माणसाच्या बाजूने कशी वाचायची

मी ९ वर्षं चाकणला एका गाडीच्या प्लांटमध्ये अंडरबॉडी लाईनवर होतो, म्हणजे गाडी वर टांगलेली आणि आपण खाली हात वर करून बोल्ट मारतोय. त्यामुळे "सरकारने अमुक कंपनीला पॅकेज दिलं, हजारो नोकऱ्या वाचल्या" अशी बातमी आली की मला पहिला प्रश्न पडतो की कोणाच्या वाचल्या, आणि वाचल्या त्या कशा बदलून वाचल्या. पेपरात हे सरळ लिहिलेलं नसतं, शोधावं लागतं. ते कसं शोधायचं हे इथे लिहितोय, आणि उदाहरणाला अमेरिकेतलं २००८-०९ चं जनरल मोटर्स आणि क्रायस्लरचं प्रकरण घेतोय कारण त्याचे जवळजवळ सगळे कागद उघडे झालेत, लपलेलं फार काही नाही.

एक वही घ्या आणि पानावर चार रकाने पाडा: पैसा कोणी दिला, कशाच्या नावाने दिला, अट काय घातली, आणि बदल्यात कोणी काय सोडलं. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, पण तो रिकामा ठेवायचा नाही.

आधी दुसरा रकाना. "सरकारने पैसे दिले" हे वाक्य अर्धवट असतं, कारण पैसे कर्ज म्हणून जातात, हमी म्हणून जातात किंवा शेअर घेऊन जातात, आणि तिन्हींचा हिशोब वेगळा. १९८० च्या जानेवारीत अध्यक्ष कार्टरनी क्रायस्लरसाठी सही केली ती १.५ अब्ज डॉलरच्या कर्जाच्या हमीवर. सरकारने खिशातून रोख दिली नव्हती, कंपनीने बाहेरून कर्ज काढलं आणि बुडालं तर सरकार भरणार एवढंच. ते कर्ज १९८३ मध्येच फिटलं, मुदतीच्या ७ वर्षं आधी, आणि सरकारला वर फायदाही झाला. हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच वेळी युनियनने पगारात मोठी कपात मान्य केली होती हे फार कमी लोक सांगतात (बदल्यात युनियनचा अध्यक्ष डग्लस फ्रेझर कंपनीच्या बोर्डावर बसला, तेव्हा अमेरिकेत ही मोठी गोष्ट होती).

२००८ चं वेगळं. नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्स, क्रायस्लर आणि फोर्ड या तिन्ही कंपन्यांचे प्रमुख खाजगी विमानाने वॉशिंग्टनला पैसे मागायला गेले आणि त्यावर एवढा आरडाओरडा झाला की पुढच्या महिन्यात तेच लोक गाडीने गेले. सिनेटमध्ये डिसेंबरला प्रस्ताव अडकला, तो कशावर अडकला तर कामगारांचा खर्च किती लवकर खाली आणायचा यावर. मग १९ डिसेंबरला बुश सरकारने बँकांसाठी ठेवलेल्या ७०० अब्जांच्या फंडातून १७.४ अब्ज डॉलर जाहीर केले, १३.४ जनरल मोटर्सला आणि ४ क्रायस्लरला. पुढे ओबामा आले, क्रायस्लरने ३० एप्रिल २००९ ला आणि जनरल मोटर्सने १ जूनला दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि शेवटी जनरल मोटर्समध्येच सरकारचे साधारण ५० अब्ज डॉलर गेले, त्यातले बरेचसे शेअरच्या रूपात, जवळपास ६१ टक्के मालकी.

इथे एक फसगत होते, तिच्याकडे नीट लक्ष द्या. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने सांगितलं की आम्ही सरकारचं कर्ज पूर्ण फेडलं, तेही ५ वर्षं आधी. ऐकायला मस्त. पण फेडलं ते फक्त कर्ज म्हणून लिहिलेला तुकडा, अमेरिकी सरकारचा साधारण ६.७ अब्जांचा, आणि तो भरला कशातून तर सरकारनेच दिलेले पैसे वेगळ्या खात्यात पडून होते त्यातून. बाकीचे चाळीसच्या वर अब्ज शेअरमध्ये अडकलेलेच होते. सरकारने शेवटचा शेअर विकला डिसेंबर २०१३ मध्ये आणि तेव्हा १० अब्जांच्या वर तोटा धरून बाहेर पडलं. म्हणून "फेडलं" हा शब्द दिसला की दुसऱ्या रकान्यात जाऊन बघायचं, फेडलं ते कर्ज की सगळं.

आता तिसरा रकाना, अटी. बातमीत एक ओळ असते, "कंपनीला पुनर्रचना आराखडा द्यावा लागेल", आणि आपण पुढे जातो. जाऊ नका, अटींचा मूळ कागद शोधा. बुश सरकारच्या कर्जाच्या अटींमध्ये लिहिलं होतं की कंपनीच्या कामगारांचा पगार-भत्त्यांचा खर्च २००९ संपेपर्यंत अमेरिकेतल्या जपानी कंपन्यांच्या प्लांटच्या बरोबरीला आणायचा, आणि वर्क रूल्ससुद्धा त्यांच्या बरोबरीचे करायचे. ले-ऑफ झालेल्या माणसाला घरी बसून बराचसा पगार मिळायचा ती सोयही बंद. पुढे २००९ च्या वाटाघाटीत जनरल मोटर्स आणि क्रायस्लरच्या कामगारांकडून २०१५ पर्यंत पगारासाठी संप करणार नाही असंही लिहून घेतलं. महागाईभत्त्यासारखी जी वाढ मिळायची ती थांबवली.

"वर्क रूल्स" हा शब्द दिसला तिथे पेनाने गोल करा. ऑफिसात बसणाऱ्याला तो नियमावलीचा शब्द वाटतो, लाईनवरच्याला माहीत असतं त्याचा अर्थ काय. ब्रेक किती मिनिटांचा, एक माणूस किती स्टेशन सांभाळणार, शेजारचा सुट्टीवर असला तर त्याचं काम कोण ओढणार, रिलीव्हर म्हणजे थोडा वेळ जागा सांभाळणारा बदली माणूस मिळणार का नाही. पगार कापला तर स्लिपवर दिसतो, वर्क रूल बदलला तर तो खांद्यात दिसतो आणि तोही दोन-तीन वर्षांनी.

हे मोजायचं कसं ते सांगतो, कारण हा आकडा कोणी तयार देत नाही. ओळखीतल्या एखाद्या लाईनवरच्या माणसाला टॅक्ट टाईम विचारा, म्हणजे किती सेकंदाला एक गाडी पुढे सरकते. आमचा होता ९० सेकंद. शिफ्टमधून जेवण आणि चहा काढला की साडेसात तास उरतात, म्हणजे २७,००० सेकंद, भागिले ९०, झाल्या ३०० गाड्या. माझ्या स्टेशनला एका गाडीला ४ बोल्ट, म्हणजे दिवसाला १२०० वेळा टॉर्क गन (बोल्ट आवळायचं मशीन) डोक्याच्या वर धरायची आणि तिचा झटका मनगटाने खायचा. आता समजा कोणीतरी वरच्या मजल्यावर ठरवलं की टॅक्ट ९० वरून ७५ करूया. कागदावर १५ सेकंदांचा फरक. शिफ्टला गाड्या झाल्या ३६०, बोल्ट १४४०. रोज २४० झटके वाढले आणि पगार तोच. मी घरी आलो की आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून खांदा शेकायची, तेव्हा मला हा हिशोब येत नव्हता, मला वाटायचं माझ्याच अंगात दम नाही. नंतर वहीवर मांडला तेव्हा कळलं की दम कमी नव्हता, आकडा मोठा होता.

अमेरिकेत हे भांडण जुनंच आहे. १९७२ मध्ये ओहायोतल्या लॉर्ड्सटाऊनला जनरल मोटर्सची लाईन तासाला १०० च्या आसपास गाड्या काढत होती, म्हणजे एका माणसाला एका गाडीमागे ३६ सेकंद, आणि तिथली तरुण पोरं त्या स्पीडवरूनच संपावर गेली. पुढे २००० साली सरकारने वारंवार एकच हालचाल करून होणाऱ्या दुखण्यांसाठी नियम काढला, आणि मार्च २००१ मध्ये तो संसदेने आणि अध्यक्षांनी रद्दही करून टाकला, लागू व्हायला पुरते सहा महिनेही मिळाले नाहीत. तर २००८ ला जेव्हा पैशाच्या बदल्यात वर्क रूल्स ढिले करा असं सांगितलं गेलं, तेव्हा खांद्यासाठी तिथे स्वतंत्र असा कायदाच उभा नव्हता.

एक आकडा तेव्हा फार फिरला आणि तो तपासायला शिकणं गरजेचं आहे: डेट्रॉईटचा, म्हणजे अमेरिकेतल्या गाडी कंपन्यांच्या शहराचा, कामगार तासाला ७० डॉलरच्या वर कमावतो. लोक चिडले, मीसुद्धा चिडलो असतो. पण जुन्या परमनंट माणसाचा खरा पगार तासाला २८ डॉलरच्या आसपास होता. ७० कसे झाले तर भत्ते, विमा, आणि त्यावर आधीच रिटायर झालेल्या लाखो लोकांच्या पेन्शन-औषधपाण्याचा खर्च, हे सगळं आज कामावर असलेल्यांच्या तासांनी भागलं. म्हणजे म्हाताऱ्याचं औषध तरुणाच्या पगारात मोजलं. तेव्हा "तासाला एवढे" असं कोणी म्हटलं की विचारायचं, हातात किती पडतात. शिवाय २००७ च्याच करारात नवीन भरतीसाठी वेगळा दर आला होता, तासाला साधारण १४ डॉलर. एकच लाईन, एकच बोल्ट, शेजारी उभा माणूस निम्म्यात. आपल्याकडे परमनंट आणि कंत्राटी शेजारी उभे असतात त्यांना हे समजावून सांगायला नको.

माझं मत विचाराल तर वाचवायला पाहिजेच होतं. फोर्डने त्या फंडातून पैसे घेतले नाहीत, २००६ लाच सगळं गहाण टाकून कर्ज उचललं होतं, तरी फोर्डचा प्रमुखही बाकीच्या दोघांना वाचवा म्हणून उभा राहिला, कारण तिघांना पार्ट पुरवणारे कारखाने तेच, एक कंपनी एकदम झोपली तर सप्लायर झोपतो आणि मग चालू असलेली लाईनही थांबते. चाकण-भोसरीतल्या कुठल्याही छोट्या शॉपवाल्याला विचारा, मोठ्याने बिल दोन महिने अडकवलं की काय होतं. तर बेलआउटला, म्हणजे सरकारने असं वाचवण्याला, माझा विरोध नाही, चौथा रकाना रिकामा सोडण्याला आहे.

तो भरताना वाटाघाटीच्या खोलीत नसलेली माणसं शोधा. जनरल मोटर्सच्या आराखड्यात अमेरिकेतले तासावारी कामगार ६१ हजारांवरून ४० हजारांपर्यंत आणायचे होते, ते लिहा. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलच्या प्लांटमधून शेवटची एसयूव्ही २३ डिसेंबर २००८ ला निघाली, पॅकेज जाहीर होऊन ४ दिवस झाले होते, ते लिहा. पार्ट बनवणाऱ्या डेल्फीत युनियनच्या कामगारांची पेन्शन जनरल मोटर्सने भरून काढली, पण तिथल्याच बिगर-युनियन पगारी लोकांच्या पेन्शनला कात्री लागली, तेही लिहा. ज्याच्यामागे कोणी बोलायला होतं त्याचं थोडं तरी राहिलं.

यात आपलं तळेगावही येतं. तिथला जनरल मोटर्सचा प्लांट सुरू झाला सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे तिकडे घर पेटत असताना. अमेरिकी पैशाने वाचलेल्या कंपनीने २०१७ ला भारतात गाड्या विकणं बंद केलं, तळेगावला निर्यातीसाठी लाईन चालू ठेवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तीही थांबवली. कामगारांनी वर्षानुवर्षं कोर्टात आणि रस्त्यावर मागणी लावून धरली की प्लांट ज्याला विकाल त्याने आम्हाला कामावर घ्यावं. प्लांट ह्युंदाईकडे गेला. वहीत ही ओळ लिहिताना पैसा कोणी दिला या रकान्यात अमेरिकेचा करदाता येतो आणि कोणी सोडलं या रकान्यात मावळातला माणूस, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

आणि पान लगेच फाडू नका, निदान १५ वर्षं ठेवा. २०१९ ला जनरल मोटर्समध्ये ४० दिवसांचा संप झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनियनने पहिल्यांदाच तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप केला, आणि मिळवलं काय तर साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ, जुन्या-नव्यांचे वेगळे दर बऱ्याच अंशी बंद, आणि २००९ ला थांबवलेली महागाईची वाढ परत. सरकारचा हिशोब २०१३ ला मिटला होता, कामगाराची एक ओळ मिटायला २०२३ उजाडलं. त्या ओळीपुढे तारीख टाका. वर्क रूल्सची ओळ अजून उघडी ठेवा, आणि पुढच्या अग्रीमेंटला, म्हणजे पगारकराराला, टॅक्ट टाईम परत विचारा.