थायलंडमध्ये राहताना या चुका टाळा: पासपोर्टवरचे शिक्के, भाडेकरार आणि दिवाळीतले पत्ते

नोकरीनिमित्त किंवा कुटुंबासह थायलंडमध्ये राहायला येणाऱ्या भारतीयाला हा देश सुरुवातीला फार सोपा वाटतो. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, बँकॉकच्या पाहुरात भागात भारतीय वाणसामान मिळते, सीलोम रस्त्यावरच्या मरिअम्मन मंदिरात गणपतीचे दर्शन होते आणि कचेरीत सहसा कोणी आवाज चढवत नाही. हे सगळे खरेच आहे. मात्र बहुतेक अडचणींची सुरुवातही इथूनच होते, कारण समोरच्याने तोंडावर नकार दिला नाही म्हणजे काम झाले, असे आपण धरून चालतो. घरमालक, कंपनीचा एचआर विभाग किंवा व्हिसाचा एजंट हसून मान डोलावतो तेव्हा तो अनेकदा केवळ अवघड क्षण टाळत असतो. पुढे दंड, रद्द झालेला मुक्काम किंवा अडलेले बँक खाते या गोष्टी परदेशी माणसालाच निस्तराव्या लागतात, म्हणून प्रत्येक कामाची पावती आपल्या हातात आली की नाही, हे स्वतः पाहणे भाग आहे.

व्हिसाची तारीख आणि मुक्कामाची तारीख

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे या दोन तारखा एकच समजणे. व्हिसावरची तारीख ही त्या व्हिसावर देशात प्रवेश करण्याची शेवटची तारीख असते. किती दिवस राहता येईल हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टवर मारलेल्या शिक्क्यातली तारीख ठरवते. वर्षभराचा, अनेक प्रवेशांचा नॉन-इमिग्रंट व्हिसा असला तरी प्रत्येक प्रवेशाला साधारणपणे ९० दिवसच मिळतात, आणि ‘व्हिसा अजून चार महिने आहे’ या भरवशावर बसलेला माणूस नकळत मुदतीबाहेर जातो. मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,००० बाट दंड आहे, परंतु खरी शिक्षा दंडाची नाही. मार्च २०१६ पासून लागू असलेल्या नियमानुसार ९० दिवसांहून अधिक काळ मुदतीबाहेर राहिलेल्या व्यक्तीला, ती स्वतःहून विमानतळावर हजर झाली तरी, एक वर्ष प्रवेशबंदी होते. आणि मुदतीबाहेर राहताना पकडली गेल्यास ही बंदी किमान पाच वर्षांची असते, मग मुदत संपून काहीच दिवस झालेले असोत.

दुसरा घोळ ९० दिवसांच्या नोंदीचा. सलग ९० दिवस देशात राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने आपला पत्ता टीएम ४७ या अर्जाने इमिग्रेशनला कळवायचा असतो. या नोंदीमुळे मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही. तो वाढवायचा असेल तर टीएम ७ हा वेगळा अर्ज आणि १,९०० बाट शुल्क लागते. प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन नोंद करायची असेल तर ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ती करता येते, पण पहिली नोंद ऑनलाइन होत नाही, आणि नवा पासपोर्ट घेतल्यानंतरची पहिली नोंदही ऑनलाइन होत नाही. मधे देशाबाहेर जाऊन आल्यास मोजणी नव्याने सुरू होते. नोंद विसरून नंतर स्वतःहून गेल्यास २,००० बाट भरावे लागतात.

तिसरा कागद टीएम ३०. परदेशी व्यक्ती घरात राहायला आल्यापासून २४ तासांत तिची माहिती कळवण्याची जबाबदारी १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याने घरमालकावर टाकली आहे, त्यामुळे ‘हे काम मालकाचे, आपल्याला काय’ असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मुदतवाढीच्या दिवशी बँकॉकच्या इमिग्रेशन कार्यालयात, म्हणजे चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात, रांग लावून आपण खिडकीशी पोहोचतो, समोरची बाई पासपोर्टची पाने उलटते, टीएम ३० ची चिठ्ठी शोधते आणि ती नसल्यास संपूर्ण अर्ज परत सरकवते. मालक त्या वेळी चियांग माईला असतो आणि फोन उचलत नाही. म्हणून भाडेकरार करतानाच टीएम ३० किती दिवसांत भरून मिळेल, हे लिहून घ्यावे, आणि मालकाच्या ओळखपत्राची व घराच्या नोंदवहीची, म्हणजे निळ्या थाबियन बानची, सही केलेली प्रत मागून ठेवावी. बाहेरगावाहून किंवा परदेशातून त्याच पत्त्यावर परतल्यास ही नोंद पुन्हा लागते की नाही, याबाबत २०२० मध्ये सवलती आल्या, तरी प्रत्येक प्रांताचे कार्यालय आपापल्या पद्धतीने वागते. तेव्हा शेजारच्या अनुभवावर न विसंबता आपल्याच कार्यालयात विचारणे बरे.

गणपतीला किंवा लग्नकार्याला भारतात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तिकिटाआधी करावी. वर्षाची मुदतवाढ मिळाली असली तरी पुनःप्रवेशाचा परवाना न घेता देश सोडला की ती मुदतवाढ त्याच क्षणी संपते. एका प्रवेशाला १,००० आणि अनेक प्रवेशांना ३,८०० बाट शुल्क आहे. वर्षात चारदा जाणार असाल तर दुसरा पर्याय स्वस्त पडतो आणि विसरण्याची भीतीही राहत नाही. पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर मुदतवाढही तेवढ्याच तारखेपर्यंत मिळते, म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण आधी करावे आणि नंतर जुन्या पासपोर्टवरचे शिक्के नव्या पासपोर्टवर उतरवून घ्यायला इमिग्रेशनकडे जावे. १ मे २०२५ पासून प्रवेशाआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते विनामूल्य आहे, पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत.

‘काम’ म्हणजे काय

थायलंडमध्ये कामाची व्याख्या फार व्यापक आहे आणि मोबदला मिळाला नाही म्हणून ते काम ठरत नाही, असे मुळीच नाही. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराने घरून डबे पुरवणे, दिवाळीचा फराळ विकणे, शिकवण्या घेणे, हे सारे परवान्याविना केलेले काम ठरू शकते. परवान्याशिवाय काम केल्यास ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि हद्दपारी अशी शिक्षा आहे. ओळखीच्या लोकांत चालते म्हणून धोका नाही, असे मानू नये, कारण तक्रार बहुधा ओळखीतल्याच कोणाकडून जाते.

नोकरी सोडतानाची चूक अधिक गंभीर. नोकरीवर आधारलेला मुक्काम शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतो आणि जोडीदाराचा व मुलांचा मुक्कामही त्याबरोबर संपतो. राजीनामापत्रात शेवटचा दिवस लिहिण्यापूर्वी नवी कंपनी कागदपत्रे कधी देणार, मुलांची शाळा कधी संपणार आणि विमानाचे तिकीट केव्हाचे, हे तिन्ही जुळवून घ्यावे. एचआर विभाग ‘काळजी करू नका’ म्हणाला तर परवाना कोणत्या तारखेला रद्द होणार, हे ईमेलवर मागावे.

मराठी माणसाची एक खास अडचण नावाची आहे. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, थाई अर्जावर मात्र नाव आणि आडनाव अशा दोनच चौकटी असतात. सिमकार्डाच्या दुकानात मधले नाव गाळले गेले, बँकेत ते घातले गेले आणि वर्क परमिटवर ते आडनावाला चिकटले, तर पुढे मोबाइल बँकिंग अडते, कारण फसवणूक रोखण्यासाठी बँका आता सिमकार्ड आणि खाते एकाच नावावर असल्याची पडताळणी करतात. पहिल्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवरचे पूर्ण नाव अक्षर न् अक्षर तसेच लिहून घ्यावे. भारतातले बचत खातेही एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे खाते, करून घ्यायचे असते, ते बहुतेक जण वर्षानुवर्षे टाळतात. वर्षात १८० किंवा अधिक दिवस राहणारा थायलंडचा करनिवासी ठरतो आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न देशात आणल्यास त्यावर कर लागू शकतो. दोन्ही देशांत दुहेरी करटाळणीचा करार असला तरी विवरणपत्र भरण्याची जबाबदारी त्याने संपत नाही.

घर आणि वीज

भाड्याची घासाघीस करताना विजेचा दर विचारायचा राहून जातो. बँकॉकमध्ये महानगर वीज प्राधिकरणाचा आणि बाहेर प्रांतिक प्राधिकरणाचा दर साधारण चार-साडेचार बाट प्रतियुनिट पडतो, तर अनेक अपार्टमेंटचे मालक सात-आठ बाट लावतात; एप्रिलच्या उकाड्यात दिवसरात्र एसी चालू असताना हा फरक भाड्यात मिळवलेली सूट खाऊन टाकतो. अनेक खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी प्राधिकरणापेक्षा जास्त दर लावू नये आणि एका महिन्याहून अधिक अनामत घेऊ नये, असा ग्राहक संरक्षणाचा नियम २०१८ मध्ये आला, पण एखाद-दुसरे कोंडो भाड्याने देणाऱ्या मालकाला तो लागू होत नाही आणि तिथे दोन महिन्यांची अनामत रूढ आहे. बिल थेट प्राधिकरणाकडून येणारे घर शक्यतो निवडावे.

घर ताब्यात घेताना मीटरचा आकडा, भिंतीवरचे खिळे, गादीवरचे डाग आणि एसीखालची ओल यांची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी मालकाला लाइन ॲपवर पाठवावीत. अनामत परत मिळवताना हीच छायाचित्रे उपयोगी पडतात. फोडणी आणि तळण यांचा वास पडद्यांत मुरला म्हणून साफसफाईचे पैसे कापले गेल्याच्या तक्रारी भारतीय भाडेकरूंकडून नेहमी ऐकू येतात. स्वयंपाकघराला दार किंवा बाहेर हवा सोडणारा पंखा आहे का, हे घर पाहतानाच तपासावे.

स्कूटर आणि औषधे

भारतातून आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना येथे चालतो, मात्र त्यावर दुचाकीचा वर्ग नोंदलेला असला तरच तो स्कूटरसाठी उपयोगी. पोलिसांचा दंड किरकोळ असतो. अपघात झाल्यावर विमा कंपनी ‘वैध परवाना नव्हता’ म्हणून रुग्णालयाचे बिल नाकारते, तेव्हा या चुकीची खरी किंमत कळते. दीर्घकाळ राहणाऱ्यांनी थाई परवानाच काढावा. तो आधी दोन वर्षांचा आणि नंतर पाच वर्षांचा मिळतो, व गाडीचा आणि दुचाकीचा वेगवेगळा असतो.

आई-वडील भेटीला येतात तेव्हा औषधांची पिशवी भरून आणतात. झोपेसाठी किंवा अस्वस्थतेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रामाडोल, सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन यांवर येथे कडक नियंत्रण आहे. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि तीस दिवसांपेक्षा जास्त नाही एवढाच साठा मूळ वेष्टनात ठेवावा, आणि कोणते औषध आधी परवानगी मागते ते निघण्यापूर्वी तपासावे. ई-सिगारेट तर आणूच नये. २०१४ पासून तिच्या आयातीवर बंदी आहे.

शेजार, राग आणि पत्ते

वाद घालताना आवाज चढवणारा माणूस येथे वाद हरलेलाच असतो. प्लंबर तिसऱ्यांदा आला नाही तरी व्यवस्थापकाच्या टेबलाशी उभे राहून जाब विचारण्याने काम पुढे सरकत नाही, कारण चारचौघांत त्याची शोभा झाली की तो नम्रपणे सगळे ऐकून घेतो आणि नंतर काहीच करत नाही. बाजूला घेऊन, ओल दाखवून, कोणत्या दिवशी जमेल असे विचारावे.

राग समाजमाध्यमावर काढणे त्याहून घातक. बदनामी हा थायलंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे आणि प्रकाशित मजकुराने केलेल्या बदनामीस दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२० मध्ये को चांग बेटावरच्या हॉटेलबद्दल वाईट अभिप्राय लिहिणाऱ्या एका अमेरिकी पाहुण्याला अटक झाली होती. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. राजघराण्याविषयी तर विनोदही करू नये, कारण दंडसंहितेच्या ११२ व्या कलमाखाली प्रत्येक आरोपाला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे आणि दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवणेही त्यात येऊ शकते. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्थानकांत व बागांत राष्ट्रगीत लागते, तेव्हा चालता चालता थांबावे.

दिवाळीतल्या तीन पत्तीची गोष्ट मात्र अनेकांना ठाऊकच नसते. येथील जुगारबंदी कडक आहे आणि परवान्याविना १२० पेक्षा जास्त पत्ते बाळगता येत नाहीत, म्हणजे ५२ पानांचे दोन कॅट चालतात, तिसरा कायद्याबाहेर. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टायाजवळ पैसे न लावता ब्रिज खेळणाऱ्या ३२ वृद्ध परदेशी नागरिकांना पोलिसांनी याच कारणाने रात्री ठाण्यात नेले होते. मित्रमंडळींनी दिवाळीत हाउजी खेळावी. पण तिकिटांना पैसे लावल्यास तोही जुगारच.

शाकाहार आणि डब्यावरची तारीख

‘मांस नको’ एवढे सांगून ताटात आलेल्या भाजीत नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस, सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी आणि रश्श्यात कोंबडीचा अर्क असतो. आचाऱ्याच्या लेखी त्याने तुमचे म्हणणे पाळलेलेच असते. काटेकोर शाकाहारींनी ‘जे’ हा शब्द वापरावा. लाल अक्षरे असलेला पिवळा पताका ज्या गाड्यावर दिसेल तिथे मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीही नसते आणि कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची किंवा जैन मित्रांचीही बरीच सोय होते. फक्त कंदमुळांचा नियम ‘जे’मध्ये नाही, ते वेगळे विचारावे.

दुधाच्या बाटलीवर १२/०३/६९ असे दिसले तर गोंधळू नये: थाई बौद्ध सन आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे चालतो, म्हणून ते २५६९, अर्थात मार्च २०२६ झाले. भाडेकराराच्या आणि विम्याच्या थाई प्रतीवरही हाच सन असतो, तेव्हा सही करण्यापूर्वी प्रत्येक वर्षातून ५४३ वजा करून इंग्रजी प्रतीशी ताडून पाहावे.