जुन्या गिऱ्हाइकाची कदर करताना या चुका टाळा

‘ताई, जुनी पार्टी होती, म्हणून वीस टक्के सोडून दिले.’ माझ्याकडे शिकून स्वतःचं काम सुरू केलेली पोरं हे मोठ्या अभिमानाने सांगतात आणि मला दरवेळी वाईट वाटतं. नाशिकमध्ये मी १४ वर्षं फोटोग्राफी करतेय. माझी निम्म्याहून जास्त कामं जुन्याच घरांतून येतात. ज्यांचं लग्न केलं त्यांचंच डोहाळजेवण, मग बारसं, जावळ, वास्तुशांत, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. ही साखळी कशाने तुटते ते मी जवळून पाहिलंय. एकदा ती माझ्याच हातून तुटली, म्हणून त्या चुकीपासूनच सुरुवात करते.

सरसकट सूट

आधी हिशोब मांडा. समजा पॅकेज ६०,००० चं आहे. सोबतचा फोटोग्राफर, व्हिडिओवाला, एडिटिंग, १२ बाय ३६ च्या ४० शीटचा अल्बम आणि गाडीभाडं धरून ४०,००० जातात. उरले २०,०००. त्यातून वीस टक्के सूट म्हणजे १२,००० गेले. हातात राहिले ८,०००. सूट वीस टक्के दिलीत आणि कमाई साठ टक्के गेली. कॅमेऱ्याचा हप्ता यातूनच भरायचा, स्टुडिओचं भाडंही यातूनच. मग माणूस कुठेतरी हात आखडता घेतो, आणि ते नेमकं जुन्या पार्टीच्या कामात दिसतं.

गंगापूर रोडच्या एका घरातल्या मोठ्या मुलीचं लग्न मी केलं होतं. काम छान झालं. दोन वर्षांनी धाकटीचं ठरलं. कुणी मागितलेली नसताना मी मोठ्या मनाने १२,००० कमी केले, आणि ते भरून काढायला दुसरा फोटोग्राफर वगळला. वाटलं, घर ओळखीचं आहे, एकटी निभावून नेईन. औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्सवर लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, मी स्टेजवर वधूच्या बाजूला. अंतरपाट खाली आला तो क्षण मिळाला, हारही मिळाले. सगळं मिळालं असंच मला वाटत होतं.

अल्बम घ्यायला आई-वडील स्टुडिओत आले. येताना काकूंनी मोठीचा अल्बमही आणला होता. माझ्या टेबलावर त्यांनी दोन्ही अल्बम शेजारी-शेजारी उघडले आणि एकेक पान उलटायला लागल्या. मोठीच्या अल्बममधल्या एका पानावर त्यांचा हात थांबला. काका अक्षता हातात धरून उभे आहेत आणि मनगटाने डोळे पुसताहेत. तो फोटो समोरच्या बाजूने माझ्या सोबतच्या फोटोग्राफरने टिपला होता. ‘ताई, असा ह्यांचा फोटो धाकटीच्या वेळी नाही का?’ नव्हताच. त्या बाजूला कुणी उभंच नव्हतं. काका शांतपणे म्हणाले, ‘पैसे कमी करा असं आम्ही म्हणालो होतो का?’ पुढे धाकटीच्या बाळाच्या बारशाला मला बोलावणं आलं नाही.

तेव्हापासून जुन्या घराला मी भाव तोच सांगते आणि काम वाढवते. अल्बममध्ये दोन शीट जास्त देते, किंवा मी निवडलेल्या एका फोटोची १२ बाय १८ ची फ्रेम. माझी सर्वात आवडती भेट म्हणजे लग्नाच्या सकाळी अर्धा तास आधी घरी जाणं. आई तुळशीला पाणी घालतेय, आजी पातळाच्या निऱ्या सारख्या करतेय, दारात रुखवताची खोकी रचलीत. मला पेट्रोल आणि अर्धा तास लागतो, त्यांना ती पानं जन्मभर पुरतात.

मात्र जे जास्तीचं देता ते बिलावर किमतीसकट लिहा आणि पुढे ‘भेट’ असं लिहा. नुसतं देऊन टाकलंत तर पुढच्या वेळी ते पॅकेजमध्येच होतं असं लोक समजतात. सूट द्यायचीच असेल आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर तीही त्याच बिलावर दाखवा. मागाहून हातावर पैसे परत दिलेत तर कर पूर्ण रकमेवरच भरावा लागतो.

फक्त नव्यांना ऑफर

दिवाळीत स्टेटसला ‘नवीन ग्राहकांसाठी खास सवलत’ टाकता, तेव्हा तीन कामं दिलेली माणसंही ते वाचतात. त्यांना काय वाटत असेल याचा विचार करा आणि ते स्टेटस काढून टाका.

‘पाच शूटवर सहावं फुकट’

हे कार्ड चहाच्या टपरीवर चालतं. आपल्याकडे एका घराची पाच कामं व्हायला दहा वर्षं लागतात.

ब्रॉडकास्टवर शुभेच्छा

सणाला एकच मेसेज सगळ्यांना पाठवायचा आणि संबंध जपले असं मानायचं, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ पेक्षा जास्त माणसं बसत नाहीत, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचतही नाही. मी लग्नाच्या वाढदिवसाला त्या जोडप्याला एकच फोटो पाठवते, अल्बममध्ये न घेतलेला. त्यासाठी मूळ फाइल्स मात्र जपलेल्या असाव्या लागतात.

अल्बम दिला की डेटा उडवणं

ही माझी सर्वात दुखरी जागा आहे. नव्या पोरांना कार्ड रिकामं करायची घाई, डिस्क रिकामी करायची घाई. ‘पेनड्राइव्ह दिला ना ताई, आता आपली काय जबाबदारी?’ असं विचारतात.

एका पावसाळ्यात सकाळी सातला फोन आला. मे २०१३ मध्ये ज्याचं लग्न केलं होतं तो मुलगा बोलत होता. वडील गेले होते आणि हार घालायला त्यांचा एकट्याचा धड फोटो घरात नव्हता. पेनड्राइव्ह केव्हाच हरवला होता. अल्बममधल्या फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो त्याने पाठवला, त्यात ट्यूबलाइटची चमक आली होती. मी लोखंडी कपाट उघडलं. प्रत्येक डिस्कवर कागदाची पट्टी चिकटवून महिना आणि साल लिहायची माझी सवय आहे, त्यामुळे पाच मिनिटांत डिस्क सापडली. पंगतीच्या फोटोंमध्ये काका दिसले. गुलाबी फेटा, हातात जिलब्यांचं ताट, कुणाला तरी आग्रह करताना खळखळून हसताहेत. फेट्याचा तुरा जरा कलला होता. तो सरळ करू का, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, ‘राहू द्या, ते तसाच ठेवायचे.’ दहाव्याला रामकुंडावर जाण्याआधी फ्रेम त्यांच्या घरी पोचली. पैसे मी घेतले नाहीत, आणि अशा कामाचे कुणीच घेऊ नयेत.

माझ्याकडे प्रत्येक कामाच्या दोन प्रती असतात, एक स्टुडिओत आणि एक घरी. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा सगळ्या डिस्क एकेक करून लावते आणि फोल्डर उघडून बघते, कारण कपाटात पडून राहिलेली डिस्क न सांगता बंद पडते. डेटा किती वर्षं ठेवणार, हे पावतीवर लिहून द्या.

‘घरचंच आहे’ म्हणून तारीख तोंडी ठेवणं

जुनी पार्टी बोलण्यात सांगून जाते, नवी पार्टी १०,००० टोकन देते, आणि तुम्ही तीच तारीख नव्यांना देऊन बसता. मुहूर्त मोजकेच, लग्नं सगळ्यांची त्याच दिवशी. नवं पंचांग आलं की ज्या घरांत लग्नाची बोलणी चालू आहेत त्यांना मी स्वतः फोन करते. तारीख पेन्सिलने डायरीत लिहिते, आठ दिवस पैसे न घेता राखते आणि मग त्यांच्याकडूनही टोकन घेते. सिंहस्थात लग्न न करण्याची चाल पाळणारी घरं आपल्याकडे आहेत. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा अशा घरांना आत्ताच विचारा.

आणखी दोन गोष्टी. ‘गिऱ्हाईक पाठवा, २,००० मिळवा’ असं जुन्या घराला सांगू नका. त्यांनी मायेने तुमचं नाव पुढे केलेलं असतं, त्याची दलाली करू नका. एखादी छान प्रिंट घेऊन स्वतः घरी जा. आणि कौतुक म्हणून त्यांच्या लेकरांचे फोटो न विचारता कुठेही टाकू नका.

परवा असेच वीस टक्के सोडून आलेल्या एका मुलाला मी सांगितलं, शब्द दिलायस तर सूट परत घेऊ नकोस. पण दुसरा फोटोग्राफर वगळायचा नाही, त्याचे पैसे तुझ्या खिशातून दे. लग्न पुढच्या महिन्यात आहे. तो आता दुसरा फोटोग्राफर शोधतोय.